डोळे आले नव्हते



मागच्या काही अंकांत माझं काहीच नव्हतं. दोघातिघांनी विचारलं, कविता आटली का? आटली नव्हती. सुचत होती, पण लिहिलेलं मलाच वाचता येत नव्हतं. वहीतल्या ओळी पाण्यात सोडलेल्या सुतासारख्या हलायच्या. म्हणून आज कविता न देता हे देतो. याला लेख म्हणा, हकीकत म्हणा, काहीही म्हणा. माझ्या डोळ्यांना काय झालं होतं आणि त्याचं नाव सापडायला सात महिने का लागले, तेवढंच यात आहे.

मी इचलकरंजीच्या पट्ट्यात एका सूतगिरणीत होतो. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काय शिकलो ते वस्तीच्या वाचनालयात आणि जुनी डिक्शनरी मांडीवर घेऊन. काम रिंग फ्रेमवर. एका फ्रेमला शेकडो चात्या फिरत असतात. आपण बाजूने चालत राहायचं, कुठे धागा तुटला ते बघायचं आणि चालत्या मशीनवर बोटाने सांधायचा. सूत केसाएवढं. कान मशीनच्या आवाजाने बंद, म्हणजे सगळी भिस्त डोळ्यावर.

आमच्या घरात हे काम पणज्यापासून आहे. पणजा मुंबईला कताईखात्यात. साचेखात्यात पगार जास्त होता, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. महाराची थुंकी धोट्याला लागली तर बाकीचे विणकर बाटणार. माणसाला विणता येतं की नाही हे बघायच्या आधीच त्याची थुंकी कसली ते ठरलेलं. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता, हे तुम्ही वाचलंच असेल. पुढे माझा आजा त्याच खात्यात लागला, 1982 च्या संपात घरी बसला, गावाकडे परत आला आणि छातीच्या टीबीने गेला. आज्याचा टीबी लक्षात ठेवा. तो पुढे माझ्या मानगुटीवर बसणार आहे.

जुलै 2023. त्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती. आळंदीकडे शाळकरी पोरांचे डोळे लाल झाले आणि बघता बघता सगळीकडे काळे चष्मे दिसायला लागले. आमच्या खात्यातही निम्मी पाळी लाल. अशात माझा उजवा डोळा लाल झाला. आये म्हणाली,

"आरं, डोळं आल्यात तुजं. गावभर साथ हाय. गुलाबपाणी घाल."

"एकच डोळा कसा गं आला?"

"दुसरा येतोय मागनं."

मेडिकलवाल्याने बाटली दिली. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. तीन दिवसांत लाली उतरली. बाटली संपली, लाली परत आली. परत बाटली. असं चार वेळा झालं. त्या बाटलीत स्टेरॉइड होतं हे मला सहा महिन्यांनी कळलं. चुलीतला निखारा राखेखाली झाकला की धूर दिसत नाही, पण विझलेला नसतो. तसं झालं.

खरं म्हणजे माझा डोळा बाकीच्यांसारखा नव्हता. साथीच्या डोळ्याला चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तो बरा होतो. माझ्या डोळ्याला चिपाड नव्हतंच. लाली होती ती काळ्या बुबुळाच्या कडेने, कडं घातल्यासारखी. आणि उजेड. खात्यातल्या ट्यूबलाइटकडे मान वर केली की डोळ्यात सुई घुसायची. आत कुठेतरी ठणका लागायचा, भुवईपर्यंत. कापसाचे तंतू तर गिरणीत सगळीकडेच उडतात. माझ्या डोळ्यासमोर ते जरा जास्तच उडायला लागले. मी हात हलवून बाजूला करायचो. तंतू हलायचे नाहीत. ते हवेत नव्हते. माझ्या डोळ्याच्या आत होते.

सप्टेंबरात डावा डोळाही लागला. आता तुटलेला धागा दिसायला उशीर व्हायचा. मी पोचेपर्यंत सूत गुंडाळून बसलेलं. जॉबर ओरडायचा, "झोपतोयस काय रं उभ्या उभ्या?" मुकादमाने सांगितलं, कापूस जातोय डोळ्यात, चष्मा घाल. म्हणजे पहिलं नाव पडलं साथ, दुसरं पडलं कापूस. दोन्ही वेळा डोळ्यात कुणी बघितलं नव्हतं.

तिसरं नाव जड होतं. ऑक्टोबरात खोकला लागला. कोरडा. थकवा इतका की पाळी संपली की सायकल मारवत नसे. वजन उतरलं. एका खाजगी डॉक्टरकडे गेलो. त्याने पत्ता विचारला. वस्तीचं नाव सांगितलं. काम विचारलं. घरात कुणाला टीबी होता का विचारलं. आज्याचं सांगितलं. छातीचा फोटो काढला, त्यात गाठी दिसल्या. "टीबी आहे. डोळ्यातही त्याचंच उतरलंय." बेडका तपासला नाही. त्याच दिवशी गोळ्या सुरू.

इथे एक गोष्ट सरळ सांगतो. टीबीचा संशय घेणं चूक नव्हतं. आपल्या वस्त्यांत टीबी आहे, खूप आहे, आणि टीबी डोळ्यातही उतरतो. चूक अशी की संशय आला तिथेच तो थांबला. वस्ती, गिरणी, आजा, एवढ्यावर त्याचं काम भागलं. डोळ्यापर्यंत तो आलाच नाही.

टीबी म्हटल्यावर दोन गोष्टी झाल्या. ठेकेदाराने सांगितलं, बरा होऊन ये, मग बघू. माझं विम्याचं कार्ड त्याने काढलेलं नव्हतं. म्हणजे पगार बंद, औषध खिशातून. दुसरी गोष्ट घरात झाली. एके रात्री जेवायला बसलो तर माझी ताटली वेगळी. वेगळा पेला. आयेने ती दोन्ही भांडी फडताळात न ठेवता मोरीच्या कट्ट्यावर पालथी घातली. माझ्या धाकट्या भावाला पोर झालं होतं, तिला त्या पोराची भीती. मी काही बोललो नाही. जेवलो.

दोस्तांनो, वेगळ्या कपावर आपण किती लिहिलंय! हॉटेलातला वेगळा कप, शाळेतलं वेगळं पाणी. मी स्वतः दोन कविता लिहिल्यात. आणि आता माझा पेला मोरीवर पालथा होता, पालथा घालणारी माझी आये होती, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्या रात्री मला डोळ्यापेक्षा तो पेला जास्त दुखला.

दोन महिने गोळ्या खाल्ल्या. लघवी तांबडी, तोंड कडू, डोळे आणखी वाईट. पुस्तक नाकाला लावलं तरी अक्षर जुळेना. बाबासाहेबांची नजर 1954 साली फार अधू झाली होती आणि त्यानंतरही ते बुद्धाचा ग्रंथ लिहीत राहिले, हे मला पाठ होतं. त्याचा मला आधार वाटायला हवा होता. वाटला नाही. मी काही बाबासाहेब नव्हतो. मला फक्त सूत सांधायचं होतं आणि वाचायचं होतं.

जानेवारी 2024 मध्ये वाचनालयातल्या एका मित्राने मला धरून मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. पहाटे रांग, केसपेपर, बाकडं, दुसरी रांग. दुपारी एकला नंबर आला. शिकाऊ डॉक्टरीण होती, माझ्याच वयाची. आधी तिने मला एका यंत्राला हनुवटी टेकवायला लावली. स्लिट लॅम्प. उजेडाची एक पातळ चीर डोळ्यात सोडतात आणि पलीकडून मोठं करून बघतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"तुम्हाला डोळे आले नव्हते. कधीच नाही."

मी म्हणालो, "मग टीबी?"

"ते आत्ता सांगता येणार नाही. आधी मला सगळं पहिल्यापासून सांगा."

इतक्या महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आणि 'तुम्ही' हाही शब्द.

तिने जे दिसलं ते कागदावर काढून दाखवलं. डोळ्याच्या आत रंगाचा आणि रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. बुबुळाचा रंगीत पडदा हा त्याचाच पुढचा भाग. त्याला युव्हिया म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ द्राक्ष. साल काढलेल्या काळ्या द्राक्षासारखा तो दिसतो. तासगावकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या थराला सूज आली की तो युव्हियायटिस. साथीचे डोळे वरच्या पातळ पापुद्र्याला होतात. हे आतलं. बाहेरून दोन्ही लालच दिसतात, म्हणून मेडिकलवाल्याला फरक कळत नाही. यंत्राखाली लगेच कळतो.

माझ्या डोळ्यात पुढच्या पाण्यात पेशी तरंगत होत्या, उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसते तशा. बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटली होती. थेंब घालून बाहुली मोठी केली तर ती गोल न होता वेडीवाकडी उघडली, काही ठिकाणी सुटली, काही ठिकाणी तशीच राहिली. कडेला बारीक गाठी. आणि पारदर्शक पडद्याच्या मागच्या बाजूला करडे, तेलकट ठिपके. त्यांना पुस्तकात काय म्हणतात ते सांगताना ती जरा थांबली. मग म्हणाली, "मटण फॅट."

मी हसलो. सात महिन्यांत पहिल्यांदा हसलो असेन. रस्सा थंड झाला की वर चरबीचे थेंब थिजतात, तेच ना? तिने विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हणालो, बाई, आमच्या घरात हे पुस्तकात बघावं लागत नाही.

हे थिजलेले थेंब महत्त्वाचे. साध्या सुजेत ठिपके बारीक असतात. असे मोठे, तेलकट ठिपके दिसले की डॉक्टर काही ठरावीक रोगांचा विचार करतात. त्यात टीबी आहे, गरमी आहे, आणखी काही आहेत. आणि सार्कॉइडोसिस आहे. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मग तिने प्रश्न विचारले. सांधे दुखले का? गाल सुजले होते का? तोंड वाकडं झालं होतं का? कातडीवर काही? मी सगळ्याला नाही म्हटलं. तिने पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली. नडगीवर जुने तपकिरी डाग होते. "हे कशाचे?" मी म्हणालो, ट्रॉली लागते. बॉबिनच्या ट्रॉल्या नडग्यांना सतत लागतात. "लागल्यावर लाल, गरम, दुखऱ्या गाठी आल्या होत्या का?" आल्या होत्या. मे महिन्यात, दोन्ही पायांना. तीन आठवडे. मी त्यावर हळद लावली होती. "दोन्ही पायांना एकदम ट्रॉली लागली?"

मी गप्प झालो. माझ्याच अंगावरच्या गोष्टीला मीच चुकीचं नाव दिलं होतं. गिरणीतला माणूस, म्हणजे ट्रॉलीच लागली असणार. दुसऱ्यांनी जे माझं केलं तेच मी माझ्या पायांचं केलं होतं.

त्यानंतर तपासण्या. एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच लोक कंटाळतात आणि दवाखाना सोडतात: या रोगाला अशी एक तपासणी नाही की रक्त काढलं आणि उत्तर आलं. सगळे पुरावे एका जागी आणावे लागतात आणि दुसरे रोग एकेक करून बाद करावे लागतात. जगभरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी 2006 साली टोकियोत बसून त्याची यादी ठरवली, 2009 साली ती छापली आणि 2019 साली नव्याने सुधारून छापली. डोळ्यात काय काय दिसतं ते एका बाजूला, बाकीच्या अंगात काय सापडतं ते दुसऱ्या बाजूला. तुकडा काढून सिद्ध झालं तर पक्कं. तुकडा नसला पण बाकी जुळलं तर जवळजवळ पक्कं, शक्यता, अशा पायऱ्या.

माझ्या छातीचा नवा फोटो आणि सीटी स्कॅन झाला. फुप्फुसाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गाठी, जवळजवळ सारख्या. टीबीच्या गाठी पुष्कळदा एका बाजूला असतात. बेडक्याची सीबीनॅट तपासणी झाली, टीबीचे जंतू नाहीत. हातावर टीबीची सुई टोचली. आपल्या देशात लहानपणची लस आणि टीबीचा शेजार यामुळे पुष्कळांना तिथे थोडीफार गाठ उठते. माझा हात तीन दिवसांनी कोरा. हा कोरेपणाही सार्कॉइडोसिसकडे बोट दाखवतो. रक्तात एसीई नावाचा पदार्थ वाढलेला. यातलं एकही एकटं पुरेसं नव्हतं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी श्वासनळीतून दुर्बीण घातली आणि छातीतल्या गाठीला सुई लावून तुकडा काढला.

रिपोर्ट इंग्रजीत. मी बाकड्यावर बसून डिक्शनरी उघडली. मोठा मित्र म्हणून तिने मला रिपोर्ट हातात दिला नव्हता. मीच मागून घेतला होता. ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींनी घेराव घालून केलेली गाठ. शरीराला एखादी वस्तू संपवता आली नाही की त्या पेशी तिच्याभोवती कडं करतात. टीबीच्या गाठीचा मधला भाग बहुतेकदा मरतो, पनीरासारखा भुसभुशीत होतो. माझ्या गाठींचा मधला भाग तसा झालेला नव्हता. टीबीचे जंतू नाहीत. खाली लिहिलं होतं, सार्कॉइडोसिसशी जुळतं. सगळ्या विभागांनी कागद एकत्र बघितले आणि टीबीच्या गोळ्या थांबवल्या. त्यांतली एक गोळी कधी कधी डोळ्याच्या नसेलाच इजा करते, म्हणून माझी रंगांची तपासणीही केली. ती नस वाचली होती. फेब्रुवारी 2024.

त्या दिवशी मी काय केलं ते लिहितो. लपवलं तर हे सगळं लिहिणं खोटं होईल. मी व्हरांड्यात उभा राहून आयेला फोन केला आणि मोठ्याने ओरडलो, "आये, टीबी न्हाई! मला टीबी न्हाई!" बाजूच्या बाकड्यावर एक माणूस तोंडाला फडकं बांधून बसला होता. त्याच्या हातात टीबीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझा आवाज तिथेच बसला. ज्याला वस्तीबाहेरचं घर मिळालं तो वस्तीकडे पाठ करून जसा ओरडेल, तसा मी ओरडलो होतो. मी सुटलो, तो मागे राहिला, याचा मला आनंद झाला होता.

घरी आल्यावर मी या रोगाचं जे मिळेल ते वाचलं, डोळ्यात थेंब घालत, एकेक पान. 1869 साली लंडनमध्ये जोनाथन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने एका माणसाच्या हातापायांवर जांभळे चट्टे बघितले. ते त्याने 1877 साली छापलं. तो माणूस कोण? कोळशाच्या धक्क्यावर काम करणारा कामगार. पुढे 1899 साली नॉर्वेच्या सीझर बोकने सार्कॉइड हा शब्द वापरला. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस. मांसाच्या गाठीसारखं दिसणारं, पण कॅन्सर नसलेलं. 1909 साली डेन्मार्कच्या हेरफोर्ट नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरने तीन गोष्टी एकत्र बघितल्या: डोळ्याच्या आतली सूज, गालाच्या ग्रंथींची सूज आणि तोंड वाकडं होणं. त्याला वाटलं हे गालफुगीमुळे. त्याचं निरीक्षण बरोबर, नाव चूक. तो सार्कॉइडोसिसच होता, हे नंतरच्यांनी दाखवलं. मला मेडिकलवाल्याचा राग थोडा कमी झाला. पण हेरफोर्टने निदान डोळ्यात बघितलं तरी होतं.

आणखी एक. अमेरिकेत हा रोग गोऱ्यांपेक्षा काळ्या लोकांत कितीतरी जास्त सापडतो आणि त्यांना जास्त कडक होतो. डोळ्यातही जास्त उतरतो. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून 1972 साली आपल्या लोकांनी दलित पँथर हे नाव घेतलं, त्या लोकांत हा रोग इतका आहे आणि आपल्याला तो ऐकूनही माहीत नाही. म्हणून कुणी म्हणू नये की हा काळ्यांचा रोग. स्वीडन-नॉर्वेकडच्या गोऱ्या लोकांतही तो भरपूर आहे. कारण आजपर्यंत पक्कं सापडलेलं नाही. पालीत निदान म्हणजे कारण. माझ्या रोगाचं डॉक्टरी निदान झालं, पण पालीतलं निदान अजून कुणाच्याच हाती नाही.

उपचार असे: आधी दर तासाला स्टेरॉइडचे थेंब, बाहुली चिकटू नये म्हणून ती मोठी ठेवणारे थेंब, स्टेरॉइडच्या गोळ्या, पुढे आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. तुम्ही म्हणाल, मेडिकलवाल्यानेही स्टेरॉइडच दिलं होतं की. दिलं होतं. पण स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू येतो, आणि ते एकदम तोडलं की सूज उसळते. ते मोजून द्यावं लागतं, दाब तपासत, हळूहळू उतरवत. तो नुसती बाटली देत होता. माझा डावा डोळा जवळजवळ पूर्ण वाचला. उजव्यात मोतीबिंदू आहे आणि बाहुली अजून वेडीवाकडी आहे. सात महिन्यांऐवजी सात दिवसांत कुणी यंत्राखाली बघितलं असतं तर तीही गोल राहिली असती.

रिंग फ्रेमवर परत घेतलं नाही. आता दुसऱ्या गिरणीत पॅकिंगला आहे, पगार कमी. इथे कार्ड मात्र आधी काढून घेतलं, मगच पाळीला उभा राहिलो.

तुम्ही वस्त्यांत शिबिरं घेता म्हणून सांगतो. शिबिरात चष्म्याचा नंबर काढतात, मोतीबिंदू बघतात, फोटो काढतात आणि जातात. त्यात एवढी भर घाला: कुणाचा डोळा लाल आहे, चिपाड नाही, उजेड टोचतो, आत ठणकतो, नजर पुसट होते किंवा समोर काजळी तरंगते, तर त्याला 'साथ आहे' म्हणून घरी पाठवू नका. त्याच दिवशी स्लिट लॅम्पखाली बसवा. डोळ्याची सूज दुसऱ्यांदा आली तर डॉक्टरला विचारा, बाकीच्या अंगात काय आहे ते बघितलं का? चिठ्ठीशिवाय थेंब घेऊ देऊ नका. टीबी म्हटलं तर टीबीला घाबरू नका, पण बेडका तपासला का, तुकडा काढता येईल का, हे विचारा. आणि प्रत्येक कागद जपून ठेवा. माझ्या सात महिन्यांचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. त्या डॉक्टरणीला सगळं माझ्या तोंडूनच काढावं लागलं. तिची जात मला माहीत नाही. शोधावीशी वाटली, हे खरं. मग आठवलं, तिने माझ्या केसपेपरवरच्या आडनावाकडे बघण्याआधी माझ्या डोळ्यात बघितलं होतं.

राहिली ताटली. फेब्रुवारीत घरी आलो त्या रात्री आयेने माझी ताटली परत सगळ्यांच्या ताटल्यांत ठेवली होती. डोळे पुसत म्हणाली, "चुकलं माजं. तुला टीबी नव्हताच."

मी म्हणालो, "आये, असता तरी ताटली वेगळी करायची गरज नव्हती. टीबी ताटातनं होत न्हाई. खोकल्याच्या हवेतनं होतो. खिडकी उघडायची, तोंडाला फडकं बांधायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत."

तिने मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एकाला टीबी आहे. खरा, बेडका तपासून निघालेला. त्याच्या घरी कुणी चहा घेत नाही. माझ्या गोळ्यांनी माझी ताकद कमी केलीय, म्हणून डॉक्टरणीने मला बंद खोलीत त्याच्याजवळ बसू नको म्हणून सांगितलंय. मी रविवारी जातो. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसतो, मोकळ्या हवेत, जरा अंतर ठेवून. त्याची बायको दोन पेले आणते, त्यांच्या फडताळातलेच. मी चहा पितो, आणि तिथेच बसून त्याला त्याच्या गोळ्यांचा कागद वाचून दाखवतो.